कार्यक्रम शोधायचं आणि तिकीट काढायचं ॲप: माणूस नेमका कुठे अडतो?

कागदपेन्सिल (धागाकर्ता)

नमस्कार. आम्ही चौघं मिळून एक ॲप करतोय. नाटकं, मैफली, व्याख्यानं, प्रदर्शनं, मुलांच्या कार्यशाळा असं सगळं एका जागी सापडावं आणि तिथल्या तिथे तिकीट काढता यावं, एवढाच विचार आहे. कोड लिहायला अजून हात घातलेला नाही. पडदे काढलेत आणि ते जोडून फोनवर चालेल असा कच्चा नमुना केलाय.

गेल्या आठवड्यात तो पाच जणांच्या हातात दिला. पाचच का, तर वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलेला हिशोब आम्हाला पटतो: पाच माणसांशेजारी बसलं की बहुतेक अडचणी दिसून येतात, त्या दुरुस्त करायच्या आणि नव्या पाच जणांकडे जायचं. आम्ही शेजारी बसायचं, मदत अजिबात करायची नाही, असं ठरवलं होतं.

पहिल्या पडद्यावर आम्ही विचारलं होतं, ‘तुम्हाला काय आवडतं?’ खाली बारा चौकोन: नाटक, शास्त्रीय संगीत, नृत्य वगैरे. पाचपैकी चार जण तिथेच थांबले. एका बाईंचा अंगठा अर्धा मिनिट पडद्यावर वरखाली फिरत होता, दाबत मात्र काहीच नव्हत्या. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “शनिवारी संध्याकाळ मोकळी आहे आणि सोबत आई येणार आहे. मला एवढंच माहीत आहे. हे कुठे सांगू?”

सांगायला जागाच नव्हती. आम्ही सगळी मांडणी प्रकारांवर केली होती, आणि त्या विचार करत होत्या वेळेचा आणि सोबतीचा. तेव्हापासून डोकं त्यातच आहे. पहिला पडदा आता पुसून टाकलाय.

जाणकारांना विचारायचं आहे: सुरुवातीला काय दाखवावं? लॉगिन कधी मागावं? निवडलेली खुर्ची किती वेळ राखून ठेवावी? आणि तिकीट हातात पडल्यावर ॲपचं काम संपतं का?

निळीशाई

वाचतेय. लॉगिनचं उत्तर लगेच देते: पैसे भरायच्या क्षणापर्यंत मागू नका. कार्यक्रम नुसता बघायलाही फोन नंबर आणि ओटीपी मागितला तर मी परत फिरते. आणि तिकीट काढतानाही ते कुठे पाठवायचं तेवढंच विचारा. जन्मतारीख कशाला हवी असते ते मला आजवर कळलेलं नाही.

दारावरची

तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहितेय. मी बरीच वर्षं कार्यक्रमांना दारावर स्वयंसेवक म्हणून उभी राहते. तिकीट हातात पडल्यावर ॲपचं काम संपत नाही, खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते.

दारावर काय होतं ते सांगते. पाचच मिनिटांत पडदा वर जायचा असतो आणि रांगेत दीडशे माणसं असतात. समोरचा माणूस फोन पुढे करतो, पडद्यावर गोल चक्र फिरत असतं. एकाच आवारात शेकडो फोन एकदम नेटवर्क शोधत असतात, त्यामुळे कोणालाच धड मिळत नाही. तो फोन वर धरून इकडे तिकडे फिरवतो, मागचे कुरकुरायला लागतात. त्याने तिकीट महिनाभर आधी काढलेलं असतं, पैसे भरलेले असतात, आणि तरी सगळ्यांसमोर चेहरा चोरट्यासारखा होतो. हे मला बघवत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: तिकीट फोनमध्येच साठलेलं हवं. इंटरनेट पूर्ण बंद करून ते उघडतंय का, हे तुमच्या पुढच्या चाचणीत तपासाच.

दुसरी, क्यूआर कोड. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांसाठी तयार केला. कारखान्याच्या धबडग्यात पटकन वाचला जावा हाच हेतू होता. तीन कोपऱ्यांतले चौकोन असतात ना, त्यांच्यामुळे कोड आडवा-उलटा कसाही धरला तरी यंत्राला कळतो. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी निवडली तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो, त्यामुळे काच तडकलेले फोनही बरेचदा चालून जातात. पण कोडाभोवती चारही बाजूंना त्यातल्या चार बारीक चौकोनांइतकी कोरी पट्टी लागते, आणि डिझाइन करणारे तीच खाऊन टाकतात. कोणी रंगीत चौकट आणून चिकटवतं, कोणी काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा कोड काढतं. उलट्या रंगांचा कोड काही स्कॅनर वाचतच नाहीत. ॲपचा बाकी भाग रात्रीच्या रंगात असला तरी तिकिटाची जागा पांढरीच ठेवा, आणि तिकीट उघडलं की पडद्याचा उजेड आपोआप पूर्ण वाढू द्या.

तिसरी, चौघांची तिकिटं एकाच्या फोनवर. तो आत जाऊन बसतो आणि चौथा उशिरा येऊन माझ्यासमोर उभा राहतो. प्रत्येक तिकीट सुटं करून ज्याचं त्याला पाठवता आलं पाहिजे. पाठवल्यावर मूळ फोनवर ‘हे तिकीट पाठवलं आहे’ असं दिसावं, म्हणजे एकच कोड दोघं घेऊन येणार नाहीत.

आणि प्रवेशद्वार, रांग, खुर्ची क्रमांक हे तीन शब्द एवढे मोठे हवेत की अंधारात हातभर अंतरावरून मला वाचता येतील. आत्ता बहुतेक ठिकाणी सर्वांत मोठं असतं ते ॲपचं नाव.

मागचीरांग

दारावरची, प्रतिसाद फार आवडला. एक शंका: तिकीट फोनमध्येच साठवलं तर स्क्रीनशॉट काढून चारचौघांत वाटतील ना?

दारावरची

वाटतात. पण पहिला कोड वाचला गेला की तो वापरलेला म्हणून नोंदला जातो, दुसऱ्याला यंत्र नाही म्हणतं. अडचण दोन दारं असतात तिथे येते. दोन्हीकडची यंत्रं एकमेकांशी बोलत नसतील तर एकच कोड दोन्हीकडून आत जातो. म्हणून दारांची यंत्रं आपसात जोडलेली असावीत, प्रेक्षकांच्या वायफायवर अजिबात नकोत.

कुलूपकिल्ली

मी मागच्या बाजूचं, म्हणजे सर्व्हरचं काम करतो. खुर्ची राखण्याबद्दल लिहितो, कारण भांडणं सर्वांत जास्त तिथेच होतात.

खुर्चीच्या अवस्था तीन माना: मोकळी, राखलेली, विकलेली. दोघांनी एकाच क्षणी ‘ग १२’ दाबलं तर दोघांच्याही फोनवर ती मोकळीच दिसत असते. निकाल सर्व्हरवर, डेटाबेसच्या एकाच नोंदीत लागायला हवा: मोकळी असेल तरच राखलेली कर, आणि हे एका दमात. आधी तपासायचं आणि मग वेगळ्या पायरीने लिहायचं असं केलंत की त्या फटीत दुसरा शिरतो आणि एक खुर्ची दोघांना विकली जाते. हरलेल्या माणसाला नुसता ‘काहीतरी चुकलं’ असा लाल पट्टा दाखवू नका. ‘ही खुर्ची आत्ताच दुसऱ्या कोणी घेतली. याच रांगेत १४ आणि १५ मोकळ्या आहेत’ असं सांगा आणि त्याच्या बाकीच्या निवडी तशाच ठेवा.

राखण्याची मुदत सर्व्हरच्या घड्याळावर मोजा, फोनचं घड्याळ पुढेमागे असतं. मुदत किती हा प्रश्न मला तेवढा मोठा वाटत नाही. मोठा प्रश्न असा: माणूस बँकेच्या पानावर गेलाय, पासवर्ड टाकतोय, आणि इकडे मुदत संपली. खुर्ची सुटली, दुसऱ्याने घेतली, आणि वीस सेकंदांनी पहिल्याचे पैसे आले. आता काय? माझं मत स्पष्ट आहे. पैसे भरायला निघाल्यावर मुदत वाढवावी, आणि बँकेचा होकार किंवा नकार आल्याशिवाय खुर्ची सोडू नये. होकार-नकार काहीच येत नसेल तर आपण होऊन बँकेला विचारावं.

दुसरं, ‘पैसे भरा’ हे बटण लोक दोनदा दाबतात. त्यात त्यांची काहीच चूक नाही, पडदा हलत नसेल तर कोणीही दाबेल. प्रत्येक खरेदीला फोनवरच एक वेगळी खूण द्या आणि तीच खूण दर विनंतीसोबत पाठवा. तीच खूण पुन्हा आली तर सर्व्हरने नव्याने पैसे कापायचे नाहीत, आधीचंच उत्तर परत द्यायचं. आमच्याकडे याला आयडेम्पोटन्सी की म्हणतात. हे पहिल्या दिवसापासून करा. नंतर जोडणं फार जड जातं, मी केलंय.

निळीशाई

कुलूपकिल्ली, हा अनुभव मी घेतलाय. खात्यातून पैसे गेल्याचा संदेश आला आणि ॲपवर ‘व्यवहार अयशस्वी’. दोन तिकिटं, आणि कार्यक्रम त्याच संध्याकाळी. पुन्हा काढावं तर दोनदा पैसे जातील, न काढावं तर खुर्च्या जातील. तासभर तो पडदा उघडून बघत बसले. पैसे चार दिवसांनी परत आले, पण कार्यक्रम हुकला. त्या तासात कोणी नुसतं ‘थांबा, तुमच्या खुर्च्या राखलेल्या आहेत’ एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

कुलूपकिल्ली

तिथे ‘अयशस्वी’ हा शब्दच खोटा होता. यंत्राला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. यश, अपयश आणि ‘अजून कळलेलं नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींना वेगळे पडदे हवेत. तिसऱ्या पडद्यावर तीन वाक्यं: बँकेकडून उत्तर यायचं आहे. खुर्च्या तुमच्या नावावर राखल्या आहेत, पुन्हा पैसे भरू नका. अमुक वाजेपर्यंत उत्तर आलं नाही तर व्यवहार रद्द करून पैसे परत पाठवू.

कानांनीवाचते

मला अगदी कमी दिसतं, फोन मी टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, ऐकून वापरते. खुर्च्यांचा नकाशा हा माझ्यासाठी भिंतीसारखा असतो. बोट फिरवलं की ‘बटण, बटण, बटण’ एवढंच ऐकू येतं, चारशे वेळा. रांग कुठली, मोकळी आहे का, मंचापासून किती लांब, काहीही नाही.

नकाशा काढून टाका असं मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी दुसरी वाट द्या: ‘दोन खुर्च्या, शेजारीशेजारी, कडेच्या, पायऱ्या नकोत’ असं सांगितलं की ॲपने तीन-चार पर्याय शब्दांत समोर ठेवावेत. धागाकर्ते, तुम्ही लिहिलंय त्या बाईंनाही आईसाठी हेच लागेल.

मुदतीबद्दल कुलूपकिल्ली यांनी पैशांच्या बाजूने लिहिलं, मी हातांच्या बाजूने लिहिते. ऐकत ऐकत अर्ज भरायला मला इतरांच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत यावर नियम आहे: मुदत संपण्याआधी सूचना द्या, आणि साध्या एका कृतीने ती वाढवायला किमान २० सेकंद द्या. मर्यादित तिकिटांच्या विक्रीत मुदत वाढवणं नेहमी शक्य नसतं हेही तिथे मान्य केलंय. पण त्याच स्पष्टीकरणात तिकीटविक्रीचंच उदाहरण देऊन सुचवलंय की नाव, पैसे भरायची पद्धत वगैरे माहिती घड्याळ सुरू होण्याआधीच भरून घ्यावी. किती सोपं आहे! खुर्ची निवडायच्या आधी बाकी सगळं विचारून टाका, मग घड्याळ लावा.

रंगांचंही बघा. हिरवी मोकळी, लाल विकलेली, एवढ्यावर विसंबू नका. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे पुरुष उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत बारामागे एक इतके असतात, इतरत्र थोडे कमी. विकलेल्या खुर्चीवर फुली काढली तरी काम होतं. आणि फिकट राखाडी अक्षरं नकोत. साध्या मजकुराला अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाचं ४.५ : १ हे किमान गुणोत्तर त्याच तत्त्वांत दिलेलं आहे.

छोटारंगमंच

आयोजकांच्या बाजूने कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमचे प्रयोग साठ-सत्तर प्रेक्षकांचे. ॲपवर नोंद करताना एक पोस्टर चढवायचं आणि ‘वर्णन’ नावाच्या चौकोनात मनाला येईल ते लिहायचं. मग तारीख चित्रात, भाषा चित्रात, वेळ चित्रात. ते ना शोधात येतं, ना कानांनीवाचते यांच्या टॉकबॅकला वाचता येतं. प्रेक्षकाला चांगला शोध हवा असेल तर आयोजकाचा अर्ज चांगला हवा, हे बहुतेक ॲपवाल्यांच्या लक्षातच येत नाही.

माझ्या मते वेगळे रकाने हवेत ते असे: कार्यक्रम किती वाजता संपेल (शेवटची गाडी गाठायची असते, घरी बाळ असतं), मध्यंतर आहे का, कोणत्या भाषेत, कोणत्या वयापासून, किती पायऱ्या चढायच्या, चाकाची खुर्ची दारापर्यंत जाते का. संपण्याची वेळ तर बंधनकारक करा.

आणि बदल. प्रयोग पुढे ढकलला की आम्ही पोस्टरवर पट्टी मारतो, पण तिकीट काढलेल्यांना ते कळत नाही. स्कीमा डॉट ऑर्ग या, संकेतस्थळांवरची माहिती यंत्रांना कळावी म्हणून केलेल्या सामायिक शब्दावलीत कार्यक्रमाच्या स्थितीला रद्द, लांबणीवर, नवी तारीख ठरली, ऑनलाइन हलवला असे वेगवेगळे शब्द आहेत. तेच घ्या, म्हणजे शोधयंत्रांनाही समजेल. ‘लांबणीवर’ आणि ‘नवी तारीख’ यांत प्रेक्षकासाठी मोठा फरक आहे. पहिल्यात वाट बघायची असते, दुसऱ्यात पैसे परत घ्यायचे की जायचं हे ठरवायचं असतं.

एक विनंती: पैसे देऊन वर आलेल्या कार्यक्रमावर ‘जाहिरात’ असं स्वच्छ लिहा. आम्ही जाहिरात देऊ शकत नाही, पण निदान प्रेक्षकाला कळू दे की वरचा कार्यक्रम वर का आहे.

मागचीरांग

छोटारंगमंच यांना अनुमोदन.

मला मात्र दराबद्दल बोलायचंय. मूळ दर मोठ्या अक्षरात दाखवायचा, आणि सुविधा शुल्क, कर वगैरे शेवटच्या पडद्यावर वाढवत न्यायचं, हे सरसकट चालतं. तुम्ही पहिल्यापासून पूर्ण रक्कम दाखवलीत तर शेजारच्या ॲपपेक्षा महाग दिसाल आणि लोक तिकडे जातील. पटत नसलं तरी व्यवहार म्हणून हे बघावं लागेल.

कुलूपकिल्ली

मागचीरांग, तुमची भीती खरी आहे आणि त्याला पुरावाही आहे. स्टबहब या तिकिटांच्या संकेतस्थळावर २०१५ मध्ये मोठा प्रयोग झाला. काहींना शुल्क सुरुवातीपासून दाखवलं, काहींना अगदी शेवटी. शेवटी दाखवलेल्यांनी सुमारे २० टक्के जास्त पैसे खर्च केले आणि महागड्या जागाही जास्त घेतल्या. म्हणजे लपवणं फायद्याचं ठरतं. ‘प्रामाणिक राहा, धंदा आपोआप वाढेल’ असं मी म्हणणार नाही.

तरीही माझं मत पूर्ण रक्कम पहिल्यापासून दाखवण्याच्या बाजूने आहे. ते जास्तीचे २० टक्के कुठून आले ते बघा: माणसाने ठरवलं एका आकड्यावर, दिले दुसऱ्या आकड्याचे. डिझायनर हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा फसव्या रचनांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं, तेव्हा हा नुसता नीतीचा प्रश्न होता. आता कायदाही आलाय. भारताने २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतल्या १३ प्रकारांत टप्प्याटप्प्याने वाढवलेला दर आहे, खोटी घाईसुद्धा आहे. अमेरिकेत मे २०२५ पासून कार्यक्रमांच्या तिकिटांना पूर्ण रक्कम आधी दाखवणं बंधनकारक आहे. सगळ्यांना एकच नियम लागला की शेजारचं ॲप स्वस्त दिसायचा प्रश्नच राहत नाही.

निळीशाई

खोट्या घाईवरून: ‘आत्ता २३ जण हे पाहत आहेत’ हे कृपा करून नको. खरंच दोन खुर्च्या उरल्या असतील तर जरूर सांगा, ते उपयोगाचं आहे.

अजून एक. ‘शनिवार रात्री १२ वाजता’ म्हणजे शुक्रवारनंतरची रात्र की रविवार उजाडतानाची? आकाशदर्शनाच्या एका कार्यक्रमाला आम्ही चक्क एक दिवस उशिरा पोचलो. मध्यरात्रीच्या कार्यक्रमाला दोन्ही वार लिहा: ‘शुक्रवारी रात्री, शनिवार लागताना’.

आणि शोधाचं. ‘ताऱ्यांची’ हा शब्द मी माझ्या कळफलकावर लिहिला तर काहीच सापडलं नाही, तोच कार्यक्रमाच्या पानावरून उचलून चिकटवला तर सापडला. दिसायला दोन्ही अगदी सारखे!

कुलूपकिल्ली

अर्ध्या र चा घोळ. ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना एकच, यंत्राला दोन. शोधाआधी दोन्ही एका रूपात आणावे लागतात. त्याच फेरीत ऱ्हस्व-दीर्घाकडेही थोडं सैल बघा, आणि रोमन अक्षरांत टाइप केलेलंही स्वीकारा. शुद्धलेखन चुकलं म्हणून कोणाचा कार्यक्रम हुकू नये.

तारखांबाबत: पुढच्या कार्यक्रमाची वेळ साठवताना तिथली स्थानिक वेळ आणि वेळपट्ट्याचं नाव दोन्ही ठेवा. नुसती जागतिक वेळ ठेवली आणि मधल्या काळात त्या देशाने घड्याळाचे नियम बदलले तर सगळी तिकिटं तासभर सरकतात.

कागदपेन्सिल (धागाकर्ता)

सगळ्यांचे प्रतिसाद छापून भिंतीवर लावलेत. तीन दिवस त्यावरच काम केलं.

पहिला पडदा नव्याने केला. आता तीनच गोष्टी विचारतो: कधी, कोणासोबत, किती लांब जायची तयारी आहे. तिन्ही सोडून दिल्या तरी पुढच्या दोन दिवसांतले जवळचे कार्यक्रम दिसतात. ‘कोणासोबत’मध्ये लहान मूल किंवा ज्येष्ठ निवडलं की पायऱ्या, मध्यंतर आणि संपण्याची वेळ हे रकाने नावाच्या लगेच खाली येतात. छोटारंगमंच, यासाठी आयोजकांचा अर्ज आम्ही मुळापासून बदललाय, तुम्ही तो एकदा भरून बघाल का?

नाव, तिकीट कुठे पाठवायचं आणि पैसे भरायची पद्धत खुर्च्यांच्या आधी घेतली. आमच्यापैकी एकाचा विरोध होता. खुर्ची बघितल्याशिवाय माहिती कोण भरेल, असं त्याचं म्हणणं, आणि ते चुकीचं नाही. म्हणून नकाशा आधी नुसता बघता येतो, कोणत्या भागात किती जागा आहेत ते कळतं. घड्याळ मात्र माहिती भरून झाल्यावर, खुर्ची प्रत्यक्ष निवडतानाच सुरू होतं. मुदत किती हे अजून ठरलेलं नाही. आधी लोकांना खरोखर किती वेळ लागतो ते मोजणार आहोत.

दर पूर्ण दाखवायचा, पहिल्या यादीपासून. यावर बराच वाद झाला, पण आता ठरलं.

‘अजून कळलेलं नाही’ या पडद्यावर कुलूपकिल्ली यांची तीन वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी घेतली. तिकिटाच्या पडद्यावरून आमचं नाव काढलं. वर प्रवेशद्वार, रांग, खुर्ची, मधे पांढऱ्यावर काळा कोड, खाली कार्यक्रमाचं नाव आणि वेळ. इंटरनेट बंद करून उघडलं, उघडतं.

शब्दांत खुर्च्या सुचवणारी वाट अजून कच्ची आहे. ‘कडेच्या’ म्हटलं की कधी भिंतीकडच्या येतात, कधी मधल्या वाटेकडच्या.

कानांनीवाचते

दोन्ही वेगळे शब्द ठेवा: ‘भिंतीकडची’ आणि ‘वाटेकडची’. मला वाटेकडची लागते, उठताना कोणाचे पाय तुडवायला नकोत म्हणून.

पुढच्या पाच जणांत मला घ्या. फोन माझाच आणेन, टॉकबॅकचा वेग माझ्या सवयीचा लागतो. आणि त्या शनिवारवाल्या बाईंनाही पुन्हा बोलवा, या वेळी त्यांच्या आईंसोबत.